आधी पोटोबा, मग व्युत्पत्ती

मराठी पंगतीत पानं वाढून झाली, तूप पडलं आणि पहिला घास तोंडाशी आला, की कुणीतरी घसा खाकरतो. "याला हे नाव का पडलं, माहितेय?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच. "नाही" म्हणाल तर तो सांगणार, "हो" म्हणाल तर "तुम्हाला माहितेय ते चुकीचं आहे" असं म्हणून सांगणार, आणि काहीच न बोलता जेवत राहिलात तर "तुम्हाला गोडी दिसते या विषयाची" असं समजून जरा जास्तच सांगणार. हा गृहस्थ प्रत्येक पंगतीला असतो. लग्नात तो मुलीकडचा असतो, मुंजीत बटूच्या आत्याचा दीर असतो, आणि हॉटेलात शेजारच्या टेबलावरून खुर्ची सरकवत आलेला असतो. त्याची बायको हळूच म्हणते, "अहो, निवतंय सगळं." तो म्हणतो, "निवू दे गं, माहिती महत्त्वाची." गोष्ट यादवांपासून निघून पेशवाईत शिरेपर्यंत वाटीतल्या तुपाचं लोणी होतं. श्रोते कोरडी पोळी चघळत बसतात, कारण आमटीकडे हात नेला तर वक्त्याचा अपमान होतो. या शिस्तबद्ध छळाकडे जरा अभ्यासू नजरेने पाहिलं तर त्यातून एक सिद्धान्त निघतो. तो असा: पदार्थाला नाव देणारा माणूस आणि त्या नावाची गोष्ट सांगणारा माणूस कधीच एक नसतो. नाव देणाऱ्याचे हात पिठात असतात, गोष्ट सांगणाऱ्याचे हात मोकळे असतात. पुढचा सगळा घोळ या मोकळ्या हातांचा आहे.

पुरावा स्वयंपाकघरातूनच घेऊ. ठेचतात तो ठेचा, चाटतात ती चटणी, कालवतात ते कालवण, मिसळतात ती मिसळ, दडपून ठेवतात ते दडपे पोहे आणि पोळीच्या पोटात भरतात ते पुरण. यात कुठे राजा नाही, साधू नाही, शाप नाही, स्वप्नात येऊन पाककृती सांगून गेलेली देवीही नाही. मिरच्या कुटत बसलेल्या बाईला कुणीतरी विचारलं असेल, "काय चाललंय?" ती म्हणाली असेल, "ठेचतेय, दिसत नाही का?" झालं बारसं. आपल्या पदार्थांच्या बारशाला आत्या लागत नाही, क्रियापद पुरतं. पण अशा सरळ नावांपुढे व्युत्पत्तीकाराची पंचाईत होते. ठेच्याला ठेचा का म्हणतात, हे शेंबडं पोरही सांगू शकतं, आणि जे शेंबडं पोर सांगू शकतं त्यासाठी घसा खाकरण्यात काय अर्थ? म्हणून तो या नावांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला हवं असतं अर्थ न लागणारं नाव, म्हणजे मुख्यतः परदेशातून आलेलं. तिथे त्याच्या प्रतिभेला मोकळं रान मिळतं, आणि तिथेच आपल्या सिद्धान्ताचं पहिलं पोटकलम सिद्ध होतं: पदार्थ जितका लांबून आलेला, तितकी त्याची गोष्ट घराजवळची.

पावाचंच पाहा. हा शब्द पोर्तुगीज आहे. १५१० साली गोवा घेतलेल्या पोर्तुगिजांना घरच्यासारखी फुगलेली रोटी हवी होती. खमीर मिळेना, तेव्हा पीठ माडाच्या सुरेवर फुगवलं गेलं. भट्टीवाल्याला त्यांच्या भाषेत जे म्हणत त्याचा कोकणीत 'पोदेर' झाला, आणि तो आजही गोव्यात भोंगा वाजवत सायकलवरून दारोदार पाव टाकतो. पुरावा असा रोज सकाळी भोंगा वाजवत दारात येत असूनही पंगतीत भलतीच दोन मतं नांदतात. पहिलं मत: पीठ पायांनी तुडवतात, म्हणून पाव. दुसरं मत: लादीचे चार भाग होतात, त्यातला एक पाव. पहिल्या मताच्या माणसाला विचारावं, "मग हातांनी मळलेल्याला काय 'हाव' म्हणायचं?" तो म्हणतो, "विषयाला फाटे फोडू नका." दुसऱ्याच्या पुढ्यात लादी ठेवून पाव मोजायला लावले आणि ते चाराच्या वर भरले, तर तो म्हणतो, "पूर्वी चारच असायचे." हे 'पूर्वी' फार उपयोगी ठिकाण आहे. तिथे एसटी जात नाही, त्यामुळे तपासायला कुणी जाऊ शकत नाही. आणि पायाच्या गोष्टीत एक गंमत दडलेली आहे. पाव खाल्ला की माणूस बाटतो अशी ज्या घरांची समजूत होती, त्या घरांना पाव पायाशी बांधून ठेवणं सोयीचं होतं. 'आम्ही खात नाही, कारण कसा करतात ते माहितेय आम्हाला.' म्हणजे गोष्ट पावाबद्दल काहीच सांगत नाही, सांगणाऱ्याबद्दल मात्र बरंच सांगते. तीच घरं आज पावभाजीला जादा लोणी मागतात, आणि पायाची गोष्ट खाता खाता, कौतुकाने सांगतात.

वडापावाची जन्मकथा त्या मानाने ताजी. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घातला, ही हकिकत आता बहुतेकांनी मान्य केली आहे. कल्याणकर तेवढे आपला खिडकी वडा मध्ये आणतात, पण कल्याणकरांना दादरपर्यंत उभ्यानेच यावं लागत असल्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आता मराठी बाण्याच्या या मानबिंदूची वंशावळ काढायला घेतली तर काय दिसतं? पाव पोर्तुगीज. बटाटा हे नाव पोर्तुगिजांकडून आलेलं, आणि बटाटा स्वतः दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी. मिरचीही अमेरिकेची, ती इथे आली तेव्हा मिऱ्यासारखी झोंबते म्हणून मिऱ्याचंच नाव तिच्या अंगावर चढवलं. हिंग इराण-अफगाणिस्तानकडचा. संस्कृत 'वटका'पासून आलेला 'वडा' हा शब्द, हळद आणि गुंडाळायचं वर्तमानपत्र एवढंच काय ते घरचं. उपवासाच्या ताटाची कथा तर याहून सुरस. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा ही सगळी मंडळी अमेरिकेची. साबुदाण्यातला 'साबू' मलायी 'सागू'चा नातेवाईक, आणि आज साबुदाणा म्हणून जे मिळतं ते तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कसावा नावाच्या दक्षिण अमेरिकी कंदापासून बनतं. एकादशीला एखादा ॲझ्टेक राजा आपल्याकडे जेवायला आला तर त्याला मुळीच परकेपणा वाटणार नाही, फक्त भगर कुठून आली एवढंच तो विचारील. पण घरात प्रश्न काढून पाहा. "आजी, साबुदाणा चालतो, हे कुठे लिहिलंय?" "शास्त्रात." "मग टोमॅटो का नाही चालत?" "तो परदेशी आहे." एकादशी दुप्पट खाशी ही म्हण खरी आहेच, पण ते दुप्पट खाणं कोलंबसाच्या कृपेने आहे, हे म्हणीत बसवायला कुणाला जमलं नाही.

फळांच्या बाबतीत आपण याच्याही पुढे गेलो. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही अमेरिकेच्या उष्ण भागातली. वनस्पतिशास्त्राचं सर्वसाधारण मत तसंच आहे, आणि १४९२ पूर्वी ती दंडकारण्यात मिळण्याची शक्यता फारच कमी. पण फळ दारात आलं, गोड निघालं, आणि इतक्या गोड पाहुण्याला परकं कसं ठेवायचं या भिडेपोटी त्याला थेट रघुकुलात घेतलं. आता पुरंदरच्या कुठल्याही बांधावर उभं राहून "हे फळ परदेशातून आलंय" म्हणून पाहा. "मग सीतामाई वनवासात काय खात होत्या?" असा बिनतोड सवाल येतो, आणि त्याला उत्तर नाही. पुढे लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ हीसुद्धा रांगेत येऊन बसली. अमेरिकेने आणखी थोडी फळं पाठवली असती तर आज मंडईत बिभीषणफळ दीडशे रुपये किलोने मिळालं असतं. हापूसचं उलट झालं. हे नाव आफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनापतीच्या नावावरून आलं असं मानतात. आफोन्सोचा आफूस झाला, आफूसचा हापूस झाला. ज्याने तलवारीच्या जोरावर गोवा घेतला, त्याची आठवण दर एप्रिलमध्ये कोकणात पेंढ्यात घालून पिकवली जाते, आणि मग लोक त्याला दोन्ही हातांनी पिळून, साल चोखून, कोय टाकून देतात. कुठल्याही स्वातंत्र्यलढ्याने आक्रमकाचा इतका समाधानकारक सूड घेतला नसेल. गोव्यातल्या मानकुरादचं नशीब त्याहून मौजेचं. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ 'रंग बिघडलेला' असा सांगतात. गोवेकरांच्या तोंडी त्याचा मानकुराद झाला, पुढे 'मान' लागला, आणि आज गोवेकर त्याच्यासाठी हापूसवाल्याशी भांडायला तयार असतो. निंदेचं नावही नीट चोखलं तर गोड लागतं.

आता जरा नाजूक प्रकरण, म्हणजे सांबार. सर्वांना पाठ असलेली गोष्ट अशी: छत्रपती संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून गेले, आमटीत घालायचं आमसूल संपलं होतं, तिथल्या शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात कुणीतरी चिंच सुचवली, आणि पाहुण्याच्या नावावरून त्या आमटीला सांबार म्हणू लागले. गोष्ट झकास आहे. तिच्यात राजा आहे, भाऊबंदकी नाही, आणि शेवटी इडलीसुद्धा आपली ठरते. पण शाहूजी तंजावरच्या गादीवर बसले १६८४ साली, आणि संभाजी महाराजांची हत्या झाली १६८९ साली. मधली पाच वर्षं औरंगजेब सगळा लवाजमा घेऊन दख्खनेत ठाण मांडून होता. त्या धामधुमीत आमसूल संपल्याची नोंद ठेवायला कोणता कारकून मोकळा होता, हे गोष्ट सांगत नाही. शिवाय एक जड पुरावा विदर्भात भाजीवाल्याच्या टोपलीत पडून आहे. तिथे सांभार म्हणजे कोथिंबीर. नागपूरची सांभारवडी कोथिंबिरीने भरलेली असते, तिच्यात डाळीचा थेंब नसतो. गुजरातेत 'संभारो' म्हणजे कोबीबिबीची परतलेली तोंडीलावणी. संस्कृतात 'संभार' म्हणजे साहित्य, सामग्री, म्हणजे फोडणीपासून मसाल्यापर्यंत जे काही जमवायचं ते. एवढ्या लांबवर पसरलेला शब्द एका जेवणात जन्मला असेल, तर ते जेवण वाढायला बराच वेळ लागला असणार. यावर नागपूरकर हसतो, पण त्याचंही हसं पुण्यात होतंच. उडप्याकडे बसून तो म्हणतो, "जरा सांभार टाक ना वरून." वेटर इडलीवर पळी उपडी करतो. "अरे, हे नाही, सांभार!" वेटर दुसरी पळी ओततो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बराच तापलेला असतो. "कागद नाही म्हणजे गोष्ट खोटी का? आपल्याकडे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती." हा आक्षेप घेणाऱ्याने पुण्याच्या पेशवे दफ्तरात एकदा डोकावून यावं. मोडी कागदांचे तिथे डोंगर आहेत, ते वाचायला माणसं पुरत नाहीत. आपण लिहीत होतो, भरपूर लिहीत होतो, फक्त आमसूल संपल्याचं लिहीत नव्हतो. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र वजनदार आहे: विचित्र वाटणारी गोष्ट कधीकधी खरी निघते. मुंबईची फ्रँकी घ्या. पोळीत गुंडाळलेल्या मटणाला वेस्ट इंडीजचा क्रिकेट कप्तान फ्रँक वॉरेल याचं नाव दिलं गेलं. ही गोष्ट पंगतीत कुणी सांगितली तर आपण हसून तिसऱ्याच विषयाकडे वळू, पण ती खरी आहे. तेव्हा चव घेऊन खरं-खोटं ठरत नाही, घड्याळ पाहावं लागतं. बॉम्बे डकवर हाच प्रयोग करू. सुकवलेल्या बोंबलाला इंग्रज बदक का म्हणत? तर म्हणे हे बोंबील मुंबईच्या डाकगाडीतून जात, गाडीला त्यांचा वास लागे, म्हणून 'बॉम्बे डाक', त्याचं झालं डक. ऐकायला इतकं चपखल, की संशय यायला हवा. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि बोंबलाला बदक म्हणणं इंग्रजीत त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू होतं. म्हणजे रूळ पडायच्या आधीच बोंबील डाकगाडीत चढून बसले होते. पुण्यातल्या मस्तानीचंही तेच. घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीम, वर सुकामेवा. एक पक्ष म्हणतो बाजीरावांच्या मस्तानीवरून नाव पडलं, दुसरा म्हणतो गिऱ्हाईक पिऊन "मस्त!" म्हणालं त्यावरून. पहिले बाजीराव १७४० सालीच गेले, आइस्क्रीमचा काटकोनी डबा त्यांच्या वाड्यात येण्याचं कारण नाही, तरी पहिला पक्ष मागे हटत नाही. "मस्तानी पान खायची तेव्हा गळ्यातून पिंक दिसायची," असं काहीतरी तो सांगतो, आणि त्याचा आइस्क्रीमशी संबंध काय असं विचारलं तर, "तुम्हाला इतिहासाची जाणच नाही."

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा असतो. "इतिहास सोडा हो, नावावरून पदार्थ ओळखता आला म्हणजे झालं." हा आशावाद प्रत्यक्षात टिकत नाही. खेकडा भजीत खेकडा नसतो, कांदा असतो. जुन्नर-ओतूरकडची मासवडी निखळ शाकाहारी बेसनाची. रायगडातल्या पोपटीत पोपट नसतो, मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजलेल्या असतात. कोंबडी-वड्यांतल्या वड्याला कोंबडी शिवलेलीही नसते. व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी देशभरातल्या हॉटेलांत मिळते, आणि ती पाहून कोल्हापूरकर विचारतो, "हे काय आणलंयसा?" म्हणजे नावावर विसंबणारा शाकाहारी माणूस मासवडीपासून पळून जातो, आणि नावावर विसंबणारा मांसाहारी खेकडा भजीच्या दुसऱ्या ताटलीपर्यंत आशेवर असतो. त्यात गाव बदललं की नाव बदलतं. मिसळीवरचा तोच लाल रस्सा कोल्हापुरात कट होतो, नागपूरकडे तर्री होतो, पुण्यात सॅम्पल होतो. पुण्यात सॅम्पल हे नाव असूनही ते मोजूनच मिळतं. मावा म्हणावा तर त्याहून धोका. मिठाईच्या दुकानात मावा म्हणजे खवा, पानाच्या टपरीवर मावा म्हणजे सुपारी-तंबाखू, आणि विदर्भात त्याच टपरीवर हेच चालतं खर्रा म्हणून. गुलाबजामसाठी पाव किलो मावा आणायला पाठवलेला पाहुण्यांचा मुलगा कोणत्या दुकानात शिरला, यावर त्या घरचं लग्न अवलंबून राहू शकतं.

पदार्थांना आपण जे करतो तेच माणसांनाही करतो, आणि इथे सिद्धान्ताला आणखी बळ मिळतं. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. त्यात कंपनीच्या साहेबांची एकमेकांत चालणारी टोपणनावं नोंदली आहेत. मुंबई इलाख्यातले साहेब म्हणजे 'डक्स', बोंबलावरून. मद्रासचे 'मल्स', मिऱ्याच्या पाण्याच्या त्या मुलगटॉनी सारावरून. बंगालचे 'क्वाय-हाय', कारण ते दिवसभर खुर्चीतून "कोई है?" असं ओरडत. अर्ध्या जगावर राज्य करायला निघालेल्यांना एकमेकांनी ताटातल्या पदार्थावरून ओळखावं, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारं नव्हतं, पण टोपणनाव आपण स्वतःला ठेवत नाही, शेजारी ठेवतो, आणि शेजाऱ्याला आपल्या मोठेपणाशी कर्तव्य नसतं. आपली आडनावं हा त्याचा मोठा साठा आहे. तुपे, साखरे, श्रीखंडे, दहीभाते, भाजीभाकरे, पडवळ, भोपळे. मराठी आडनावांच्या यादीतून अख्खी पंगत उठवता येईल, वर मुखशुद्धीला सुपारे मिळतील. कुणाच्या तरी पूर्वजाने भाकरीबरोबर भाजी मागितली असेल, शेजाऱ्याने ते एकदा म्हटलं असेल, आणि मग ते शिक्क्यासारखं बसलं. पण अशा घरात जाऊन आडनावाचा विषय काढा. चहा येण्याच्या आत ऐकायला मिळतं, "आमचं मूळ आडनाव हे नव्हे. मूळचे आम्ही सरदार." मग कुठल्याशा किल्ल्याला वेढा पडतो, रसद संपते, पूर्वज एका भोपळ्यावर महिनाभर किल्ला लढवतात, आणि खूश होऊन महाराज म्हणतात... पुढचं आपल्याला कळतंच. भोपळा पिकवून विकणारा पूर्वज कुणालाच नको असतो. तो होता म्हणून वंश जगला, पण गोष्टीत तो बसत नाही.

बोलीतल्या वाक्प्रचारांचं तरी वेगळं काय? मांडे करायला फार कठीण, आता ते बेळगावाकडे आणि काही मोजक्या हातांत उरलेत, पण मनातले मांडे खाणारे जागोजाग आहेत आणि त्यांना ते कधी कमी पडत नाहीत. पदार्थ चुलीवरून उतरला, शब्द मात्र तोंडात बसून राहिला. कांदेपोह्यांचं उलट झालं. पदार्थ धडधाकट आहे, रोज होतो, पण "आज कांदेपोहे आहेत" असं एखाद्या तरुण मुलीच्या घरी म्हटलं, की शेजारपाजारच्या तीन बायका हळद आणायच्या निमित्ताने येऊन जातात. इथे कुणीही व्युत्पत्ती विचारत नाही, कारण सगळ्यांना ती माहीत आहे: पाहायला आलेल्यांना लवकर, स्वस्तात आणि मुलगी सुगरण आहे असं वाटेल असं काहीतरी द्यायचं असतं. पोहे पाच मिनिटांत होतात, आणि चार-पाच स्थळं बघायची असली तरी परवडतात. इतकी नितळ, हिशेबी, खरीखुरी व्युत्पत्ती समोर असताना तिची कथा मात्र कुणी रचली नाही. इतिहासाला शोभेल असं त्यात काही नव्हतं ना.

शेवटचा आक्षेप सर्वांत समंजस असतो, आणि बहुधा बायका घेतात. "असेल खोटी गोष्ट, पण बिघडलं काय? जेवणात जरा गंमत येते." अगदी खरं, काही बिघडत नाही. गोष्टीने रश्शाची चव बदलत नाही, फक्त तो थंड होतो. पण या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या की दिसतं, की त्यांत पिठात हात असलेलं माणूस कुठेच नाही. पहाटे भट्टी पेटवणारा पोदेर नाही, दादरला तेलासमोर उभा असलेला वडेवाला नाही, कसावा किसून वाळत घालणारी सेलमची बाई नाही. त्यांच्या जागी महाराज आहेत, सरदार आहेत, रघुकुल आहे. आपल्या ताटात रोजंदारीचं कुणीतरी येऊन गेलंय हे मान्य करायला आपल्याला जरा अवघड जातं. आजोबा मुकादम होते असं सांगण्यापेक्षा खापरपणजोबा किल्लेदार होते असं सांगणं जसं सोपं जातं, तसंच हेही. म्हणून नाव ठेवणारा बिचारा गडप होतो आणि गोष्टवाला उरतो. आणि गोष्टवाल्याला ज्या गोष्टीचा कागद सापडत नाही, ती गोष्ट तो जास्त जोराने सांगतो. आवाज चढला की समजावं, तारीख कच्ची आहे.

हा सिद्धान्त कितपत टिकाऊ आहे, हे पाहायचं तर त्यावरून भविष्य सांगता यायला हवं. तेव्हा एक भाकीत इथेच नोंदवून ठेवू. मंचुरियन नावाचा पदार्थ मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास जन्माला घातला. चीनच्या मांचुरियाशी त्याचा संबंध नाही, तो इकडच्याच आलं-लसूण-मिरचीचा आणि सोया सॉसचा. हे सगळं छापील आहे, तारीखवार आहे, आणि म्हणूनच पंगतीत कधीच टिकणार नाही. मांचुरिया कुणाला ठाऊक राहणार नाही, नेल्सन वांग तर आणखीच आधी विसरले जातील, आणि पदार्थ मात्र तालुक्याच्या एसटी स्टँडपासून सत्यनारायणाच्या प्रसादापर्यंत सगळीकडे पोहोचलेला असेल. मग एखाद्या मुंजीत कुणाच्या तरी आत्याचा दीर घसा खाकरील आणि विचारील, "मंचुरियन का म्हणतात, माहितेय? मूळ शब्द 'मनचोरी'. बाजीरावांनी एकदा कोबीचा गोळा खाल्ला आणि मस्तानीला म्हणाले, 'हा तर मन चोरून नेतो.'" कुणी हळूच विचारील, "अहो, कोबी होता का तेव्हा इकडे?" दीर शांतपणे सांगेल, "पूर्वी असायचा." आणि बायको म्हणेल, "जेवा आता, शेजवान गार होतंय." त्यावर तो वळून म्हणेल, "बरं आठवण केलीस. हे शेजवान म्हणजे मूळचं आपलं शेजवान. शेजेच्या वेळी खायचं, म्हणून."